सहाशे चाळीस किलोमीटर आणि शेवटचा माणूस

मिनिटकाकांना ‘किती वेळ लागेल?’ असं सहज म्हणून विचारायची सोय नाही. इतर लोक अशा वेळी ‘अर्धा तास’ म्हणतात आणि मोकळे होतात. काका म्हणतात, “सत्तावीस मिनिटं. शाळा सुटायच्या वेळेला निघालात तर चौतीस.” आणि मग तुम्ही चाळीस मिनिटांनी पोचलात, तर वाटेत कुठे थांबला होतात ते विचारतात. आमच्या इस्पितळात सगळे त्यांना तोंडावरच मिनिटकाका म्हणायचे आणि त्यांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. काकूंचं मत वेगळं. “लग्नाआधी पहिल्यांदा भेटायचं ठरलं तेव्हा मला अकरा मिनिटं उशीर झाला होता,” त्या सांगतात. “एकोणचाळीस वर्षं झाली, हे अजून ती अकरा मिनिटं उगाळतात.”

आता काका निवृत्त आहेत. गॅलरीतल्या खुर्चीत बसून दूधवाल्याच्या वेळा लिहून ठेवतात आणि दूधवाला त्यांना टरकून असतो. मी दर रविवारी त्यांच्याकडे जाते, चहा पिते, काकूंची गाऱ्हाणी ऐकते आणि परत येते. हा माणूस माझा नात्याने कोणी लागत नाही. पण माझ्या हातून झालेली एक मोठी चूक त्यांनी मला एकटीला दाखवली, बाहेर कुठे तिचा बोभाटा केला नाही, त्याबद्दल मी त्यांची जन्मभर आभारी आहे. ते सांगायचं तर आधी माझं काम सांगावं लागेल.

मी इस्पितळातल्या स्कॅन विभागात तंत्रज्ञ आहे. शरीरात कुठे गाठ लपून बसली आहे का, कुठे पसरली आहे का, हे आमच्या यंत्रात दिसतं. पण नुसतं यंत्र असून भागत नाही. आधी रोग्याला एक औषध टोचावं लागतं, आणि ते औषध मोठं विचित्र आहे. तयार झाल्या क्षणापासून ते विरायला लागतं. दोन तास व्हायच्या आत निम्मं होतं, पुढच्या तेवढ्याच वेळात त्या निम्म्याचंही निम्मं. कुलपात ठेवा नाहीतर बर्फात ठेवा, त्याला फरक पडत नाही. आमच्या गावात ते बनवायची सोय नाही. ते बनतं सहाशे चाळीस किलोमीटर लांबच्या शहरात, पहाटे, आणि शिशाच्या जड डब्यात बंद होऊन सकाळच्या पहिल्या विमानाने आमच्याकडे येतं. तोवर सहा माणसं आमच्या बाकावर उपाशीपोटी बसलेली असतात, कारण खाऊन आलेल्याला ते देता येत नाही.

विमानतळावरून तो डबा आणायचं काम काकांचं. पन्नाशीपर्यंत ते शहराच्या बस डेपोत होते. कोणती बस किती वाजता सुटली, कुठे अडकली, किती मिनिटं मागे आली, हे बावीस वर्षं त्यांनी एका खिडकीत बसून लिहिलं. पुढे ते काम यंत्राकडे गेलं आणि काका आमच्याकडे ड्रायव्हर म्हणून आले. खिडकी सुटली, पण लिहायची खोड सुटली नाही. शर्टाच्या खिशात कायम एक छोटी जाड डायरी असायची आणि तिच्या वजनाने खिसा कायम लोंबलेला असायचा.

विभाग नवा होता तेव्हा औषधाच्या कारखान्याने आम्हाला एक फॉर्म पाठवला होता. डब्यात औषध किती भरायचं ते त्या फॉर्मवरून ठरणार होतं. वाटेत जितका जास्त वेळ, तितकं जास्त भरायचं, म्हणजे विरत विरत इथे पोचेपर्यंत सहा जणांना पुरेल एवढं उरतं. त्यात दोन रकाने होते, दोन शहरांमधलं अंतर आणि प्रवासाला लागणारा वेळ. तो फॉर्म मी भरला. संगणकावर दोन्ही शहरांची नावं टाकली, उत्तर चुटकीसरशी आलं. सहाशे चाळीस किलोमीटर, विमानाने एक तास वीस मिनिटं. त्यात मी दोन्हीकडच्या रस्त्याचा अर्धा-अर्धा तास मिळवला, दोन तास वीस मिनिटं असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली सही ठोकली. त्या दिवशी मी स्वतःवर भलतीच खूश होते.

विभाग सुरू झाला आणि आठवड्यातून दोन-तीनदा असं व्हायला लागलं की पाच जणांना औषध पुरायचं आणि सहाव्याला कमी पडायचं. मी औषध मोजायच्या मापक यंत्रावर आकडा बघायचे, बाहेर येऊन सांगायचे, “आज होणार नाही हो. उद्या या, उपाशीच या.” मला वाटायचं, आमचेच हात हळू चालतात. यंत्र नवं, माणसं नवी, एखाद्याची शीर लवकर सापडत नाही, वेळ जातो. आमच्या विभागाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनाही तसंच वाटायचं. त्या म्हणायच्या, जरा हात चालवा. आम्ही हात चालवायचो. सहावा माणूस तरी परत जायचाच.

परत गेलेल्या माणसाचं पुढे काय होतं ते आम्ही बघत नव्हतो, आम्ही दार लावून घ्यायचो. काका बघायचे, कारण दुपारी तीच गाडी घेऊन ते रोग्यांना घरी नाहीतर बसस्टँडवर सोडायला जायचे. सकाळी डबा आणताना बाकावर पाहिलेला माणूस दुपारी तसाच सुकलेल्या तोंडाने त्यांच्या मागच्या सीटवर असायचा.

एक दिवस ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. “ताई, हा शेवटचाच माणूस का परत जातो हो?”

“औषध संपतं, काका.”

“संपतं, की मुळात कमी येतं?”

मी मान वर केली नाही. काकांनी डायरी काढून माझ्यापुढे उघडी ठेवली. पान भरून बारीक आकडे होते. डबा बंद झाल्यापासून कारखान्याचं दार ओलांडेपर्यंत बारा मिनिटं. तिथून विमानतळ, सव्वीस. वजन, कागद, तपासणी आणि विमानाचं दार लागेपर्यंत बत्तीस. विमान, ऐंशी. इथे उतरल्यावर सामानाचं दार उघडेपर्यंत नऊ. सही-शिक्का, सहा. विमानतळ ते आमचं दार, बावीस.

“तिकडच्या वेळा तुम्हाला कुठून कळल्या?” मी विचारलं.

“तिकडचा ड्रायव्हर सांगतो की.”

हा मला धक्काच होता. पलीकडच्या शहरात डबा विमानापर्यंत पोचवणारा जो ड्रायव्हर होता, त्याची आणि काकांची रोज सकाळी फोनवर गाठ पडायची. तो म्हणायचा, “निघाला.” अडीचेक तासांनी काका त्याला फोन करून म्हणायचे, “मिळाला.” बोलणं एवढंच. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नव्हतं. पण काकांनी सांगितल्यापासून तोही बिचारा डबा बंद झाल्याची आणि दार ओलांडल्याची वेळ त्यांना कळवत होता. म्हणजे मिनिटांचं हे वेड सहाशे चाळीस किलोमीटर लांबही लागलं होतं.

माझ्या नाकावर राग तेव्हा कायमच असायचा. त्यातून आपलीच सही असलेला फॉर्म आठवला की माणूस आधी दुसऱ्यावर डाफरतो. मी म्हणाले, “काका, हा बस डेपो नाही. तुम्ही गाडी बघा. औषधाचं आम्ही बघतो.”

“बरं,” काका म्हणाले. डायरी मात्र त्यांनी उचलली नाही. “वाचून झाली की द्या.” आणि गेले.

डायरी दोन दिवस माझ्या टेबलावर पडून राहिली. मी तिच्यावर फायली ठेवल्या.

त्या आठवड्यात आमच्याकडे एक शिंपीणबाई आल्या होत्या. वय चाळिशीच्या आसपास, बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेले. त्यांच्या पोटात गाठ होती आणि ती फक्त तिथेच आहे की पसरली आहे, हे बघितल्याशिवाय सर्जन हात लावायला तयार नव्हते. ऑपरेशनची तारीख चार दिवसांवर ठेवली होती. स्कॅन झाला नाही तर तारीख जाणार आणि पुढची कधी मिळेल ते कोणीच सांगू शकत नव्हतं. बाई इस्पितळापासून दोन गल्ल्यांवर राहायच्या. बाहेरगावच्यांना परतीची बस गाठायची असते म्हणून त्यांचे नंबर आधी आणि गावातल्यांचे शेवटी, असा नियम मीच केला होता, तोही चांगल्या मनाने. त्यामुळे बाईंचा नंबर सहावा. पहिल्या दिवशी त्या परत गेल्या. दुसऱ्या दिवशीच्या यादीत वरचे नंबर आधीच भरलेले, म्हणून पुन्हा सहाव्या. पुन्हा औषध कमी पडलं.

मी बाहेर जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं त्या चार शब्द सुनावतील. सुनावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती पिशवी उचलली आणि विचारलं, “उद्यापण उपाशीच यायचं ना?”

मी आत आले. फायली बाजूला केल्या. डायरी उघडली आणि बारा, सव्वीस, बत्तीस अशी बेरीज मांडली. बेरीज एकशे सत्याऐंशी आली. तीन तास सात मिनिटं. मी पुन्हा केली. फॉर्मवर मी एकशे चाळीस लिहिली होती. सत्तेचाळीस मिनिटांचा फरक. तेवढ्या वेळात त्या औषधाचा चौथा हिस्सा विरून जातो. हे मला शिकवलेलं होतं, मी परीक्षेत लिहिलेलं होतं. विमान हवेत असतं आणि गाडी रस्त्यावर असते तेवढाच प्रवास मी धरला होता. डबा काट्यावर उभा असताना, सही होताना, सामानाचं दार उघडायची वाट बघतानाही औषध विरतच असतं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी डायरी घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. “मॅडम, शेवटचा माणूस परत जातो तो आपले हात हळू चालतात म्हणून नाही. फॉर्म मी चुकीचा भरला आहे.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, डायरीकडे पाहिलं, माझ्या बेरजेवरून बोट फिरवलं. “किती दिवस झाले?”

“सात महिने.”

मला रडू फुटायच्या बेतात होतं. “आधी कारखान्याला फोन लाव,” त्या म्हणाल्या, “रडायचं ते नंतर बघू.”

फोन लावला. नवा फॉर्म गेला, त्यात तीन तास सात मिनिटं, आणि वर विमान रखडण्याचा वाटा म्हणून आणखी पंचवीस मिनिटं. हे पंचवीसही काकांच्या डायरीतूनच काढले. महिन्यातून किती वेळा विमान किती उशिरा येतं ते त्यांनी लिहूनच ठेवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी शिंपीणबाईंना पहिला नंबर दिला. गाठ जिथे होती तिथेच होती, पसरली नव्हती. ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. त्या दिवशी माझा जीव भांड्यात पडला. मग सात महिन्यांत परत पाठवलेल्या एकसष्ट जणांच्या फायली आम्ही एकेक करून तपासल्या. सगळ्यांचा स्कॅन नंतर झाला होता, कोणाचंही उपचारावाचून अडलं नव्हतं. हे माझं नशीब. त्यात माझी हुशारी काही नव्हती.

कारखान्याला फोन केला त्याच संध्याकाळी मी डायरी परत द्यायला गाडीपाशी गेले होते. काका काच पुसत होते. “काका, तुम्ही सरळ मॅडमकडे का गेला नाहीत? मी तुम्हाला नको ते बोलले होते.”

“डेपोत पहिल्याच वर्षी माझी एक नोंद चुकली होती,” काका म्हणाले. “दोन बस एकाच वेळी एकाच रस्त्यावर सोडल्या मी. आमच्या मुकादमाने साहेबांना सांगितलं नाही. मला बाजूला घेतलं, वही दिली, म्हणाला, तूच शोध. मी शोधली आणि मीच जाऊन सांगितली. त्या माणसाबद्दल मला अजून बरं वाटतं, ताई. डब्याबरोबरच्या कागदावर प्रवास दोन तास वीस छापलेला असायचा, तो मी रोज वाचत होतो. म्हटलं, तुम्ही शोधाल.”

“आणि नसती शोधली तर?”

“आज संध्याकाळपर्यंत वाट बघणार होतो,” काका म्हणाले. “मग गेलो असतो.”

शिंपीणबाई बऱ्या होऊन आल्या तेव्हा काकांसाठी एक शर्ट शिवून घेऊन आल्या. त्याला खिसा दुहेरी कापडाचा, डायरीच्या मापाचा, पेनासाठी वेगळा कप्पा. तो खिसा आजतागायत लोंबलेला नाही. काकूंना मात्र तो शर्ट डोळ्यांपुढे नको झालाय, कारण काका दुसरा घालायलाच तयार नसतात.

पुढे चार वर्षं एकही सहावा माणूस औषधावाचून परत गेला नाही. मग काका खोकायला लागले. बरेच दिवस खोकले, काकूंच्या धाकाने तपासायला आले आणि फुप्फुसावर एक डाग दिसला. तो साधा आहे की दुसरं काही, की आणखी कुठे काही आहे, हे आमच्याच यंत्रात बघायचं ठरलं.

मी यादी केली आणि त्यांचं नाव सगळ्यात वर लिहिलं. आदल्या दिवशी काका विभागात आले, भिंतीवरची यादी वाचली आणि माझ्याकडे वळले. “मी कुठे राहतो, ताई?”

“काका, उगाच वाद नको.”

“गावातल्यांचे नंबर शेवटी. नियम तुमचाच आहे. त्या यादीत दोघं बाहेरगावची आहेत, त्यांच्या बस कोण थांबवून ठेवणार, मी?”

“आणि उद्या काही कमी-जास्त झालं तर?”

“होणार नाही,” काका म्हणाले. “फॉर्मवरची वेळ माझी आहे.” आणि स्वतःच्या हाताने नाव खोडून खाली लिहिलं, सहावं.

मी इतक्या वर्षांत एवढी घाबरले नव्हते. आणि नेमकं त्याच दिवशी विमान तिकडे धावपट्टीवर तेरा मिनिटं उभं राहिलं. काकांच्या जागी पाठवलेल्या नव्या ड्रायव्हरने डबा आणला तेव्हा काका बाकाच्या टोकाला बसले होते, इस्पितळाच्या झग्यात, शेजारी काकू. झग्याला खिसा नाही म्हणून डायरी हातात धरलेली. डब्याकडे बघून त्यांनी घड्याळ पाहिलं आणि डायरी माझ्या हातात दिली. “आज तुम्ही लिहा.”

पहिले चौघे सुरळीत झाले. पाचव्या आजी होत्या, त्यांची शीर सापडेना. इकडे औषध विरत होतं आणि मी आजींच्या हातावर बोटं टेकवून शीर चाचपत होते. अकरा मिनिटं गेली. अखेर शीर मिळाली. मग काका आत आले आणि खुर्चीवर हात पुढे करून बसले. उरलेलं सगळं औषध मी सिरिंजमध्ये ओढलं आणि मापकात ठेवलं. आकडा हलला, थोडा खाली आला, थांबला. हवा होता त्याच्या वर होता. फार वर नाही, पण वर होता. तेरा मिनिटं आणि अकरा मिनिटं, आम्ही शिल्लक ठेवलेले पंचवीस, आणि त्यांच्या जुन्या बारीक आकड्यांवर बेतलेला तो डबा. औषध शेवटच्या माणसापर्यंत पुरलं होतं.

“पुरलं?” काकांनी विचारलं.

“पुरलं, काका.” मी सुई टोचली.

त्या औषधानंतर रोग्याने तासभर गप्प बसायचं असतं. बोलायचं नाही, फोन करायचा नाही. काकांनी फोनकडे बोट केलं. मी डोळे वटारले. त्यांनी पुन्हा बोट केलं, मग माझ्याकडे केलं. मला कळलं. मी त्यांचा फोन घेऊन काचेच्या या बाजूला आले आणि तिकडच्या ड्रायव्हरला फोन लावला. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“मिळाला,” मी म्हणाले. “शेवटच्या माणसालाही मिळाला.”

त्यांना ठाऊक होतं शेवटचा माणूस कोण ते. काकांनीच सांगितलं असणार. त्यांनी विचारलं, “दार ते दार किती?”

“तीन तास वीस.”

“लिहून ठेवा,” ते म्हणाले. “ते विचारतील.”

डाग लवकर सापडला होता, एकाच जागी होता. तो काढला आणि काका बरे झाले, म्हणून तर मला रविवारी चहा मिळतो. पण ते सगळं नंतरचं. त्या सकाळी मी काचेतून आत पाहिलं. काका डोळे मिटून, सांगितल्याप्रमाणे शहाण्यासारखे गप्प पडले होते. मी डायरी उघडली, कालच्या तारखेखाली आजची तारीख घातली आणि त्यांच्यासारख्याच बारीक अक्षरात सगळ्या वेळा लिहायला लागले.